पाठीच्या ऑपरेशननंतर पुन्हा व्यायामाकडे : पहिल्या पावलापासून पहिल्या धावेपर्यंत

पाठीच्या ऑपरेशननंतरचा सगळ्यात फसवा काळ म्हणजे तिसरा ते आठवा आठवडा. पायातली कळ गेलेली असते, टाके सुकलेले असतात, रात्रीची झोप परत आलेली असते. कित्येक महिने दुखण्याने जेरीला आलेल्या माणसाला वाटतं, झालं सगळं ठीक. मग एक दिवस खाली पडलेलं काहीतरी तो पटकन वाकून उचलतो. नसेवरचा दाब निघाला की पायातलं दुखणं काही तासांतही थांबू शकतं. कापलेला स्नायू, चकतीला (दोन मणक्यांमधल्या गादीला) पडलेलं भोक किंवा दोन मणक्यांमध्ये बसवलेलं हाड भरायला मात्र आठवडे आणि महिने लागतात. खालचा सगळा कार्यक्रम या दुसऱ्या, सावकाश चालणाऱ्या घड्याळावर बेतलेला आहे.

आठवड्यांचे आकडे कंबरेच्या मणक्याच्या, गुंतागुंत न झालेल्या ऑपरेशनसाठी सर्वसाधारणपणे पाळले जातात ते आहेत. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. आत काय कापलं आणि काय बसवलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आधी ऑपरेशन नेमकं कोणतं ते समजून घ्या

‘पाठीचं ऑपरेशन’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि शेजाऱ्याचं वेळापत्रक आपल्याला लावलं की गडबड होते ती इथेच.

मायक्रोडिस्केक्टॉमीत चकतीचा बाहेर येऊन नसेवर टेकलेला तुकडा काढतात. उरलेली चकती जागेवरच राहते आणि तिच्या बाहेरच्या कड्याला भोक असतं. चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसल्यामुळे ते व्रणासारख्या चिवट ऊतीने फार सावकाश भरतं. त्याच जागेतून पुन्हा तुकडा बाहेर येणं हा इथला मुख्य धोका. शंभरातल्या साधारण ५ ते १५ जणांच्या वाट्याला तो येतो.

लॅमिनेक्टॉमी किंवा डीकम्प्रेशनमध्ये मणक्याच्या मागच्या कमानीचा भाग काढून नसांना जागा करून देतात. चकतीला हात लावलेला नसेल तर बंधनं त्यामानाने सैल असतात. त्रास होतो तो जुन्या सवयीचा. नसा दबलेली माणसं वर्षानुवर्षं पुढे झुकून चालत आलेली असतात, कारण झुकलं की पायांना आराम पडायचा. ऑपरेशननंतर झुकायची गरज संपते, पण शरीर झुकतच राहतं. अशांनी चालायला सुरुवात करतानाच नजर समोर आणि छाती वर, एवढी एकच गोष्ट सांभाळावी.

फ्युजनमध्ये दोन किंवा जास्त मणके स्क्रू आणि रॉडने जखडतात आणि मध्ये हाड भरतात. स्क्रूंनी मणके कायमचे जोडले जातात हा सार्वत्रिक गैरसमज आहे. धातूचं काम हाड जुळेपर्यंत मणके धरून ठेवणं, एवढंच. हाड जुळलंच नाही, तर पुन्हापुन्हा वाकवलेल्या तारेसारखा रॉडही शेवटी तुटू शकतो. हाड पक्कं व्हायला सहसा ३ ते ६ महिने, कधी वर्षही लागतं, म्हणून या गटाचं वेळापत्रक बाकीच्यांच्या दुप्पट लांब असतं. धूम्रपान चालू असेल तर इथे त्याची थेट किंमत मोजावी लागते, कारण निकोटिनमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही या काळात सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

घरी जाण्यापूर्वी पाच गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: कोणत्या पातळीवर काम झालं (एल४-एल५, एल५-एस१ वगैरे; एल म्हणजे कंबरेचे मणके, एस म्हणजे त्यांच्या खालचं त्रिकास्थी), नसांच्या आवरणाला चीर गेली होती का, किती किलोपर्यंत वजन आणि किती आठवडे, पट्टा लावायचा का आणि कधी सोडायचा, फिजिओथेरपी कोणत्या आठवड्यात सुरू करायची.

पायाचं ऐकायचं, आणि दुसऱ्या सकाळचं

कंबरेतलं दुखणं आणि पायातलं दुखणं यांचा अर्थ वेगळा. ऑपरेशनच्या जागी ठणका, आखडलेपणा, संध्याकाळी जडपणा हे पहिले दीड-दोन महिने चालायचंच. पायात नव्याने कळ उतरली किंवा जुनी कळ आणखी खाली सरकली, नितंबातून मांडीत, मांडीतून पोटरीत, तर जे करत होता ते थांबवा. उलट पोटरीतलं दुखणं वर सरकत कंबरेत येऊन बसलं, तर कंबर थोडी जास्त दुखत असली तरी ते सहसा चांगलं लक्षण असतं.

बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. इजा झालेला नसेचा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर पाहिलं तर अंगठ्याचा बधिरपणा कित्येक महिने का रेंगाळतो ते कळेल. कधी तो थोडासा कायमचाही राहतो. त्यापायी व्यायाम अडवून ठेवू नका.

एक छोटी वही ठेवा. रोज तीन नोंदी पुरतात: काय आणि किती केलं, त्या वेळी दुखणं १० पैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर किती. व्यायाम करताना २-३ पर्यंत गेलं आणि सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं, तर मात्रा बरोबर आहे. सकाळी आकडा चढलेलाच असेल, तर कालची मात्रा जास्त झाली. व्यायाम करताना किती बरं वाटलं याला फारशी किंमत देऊ नका. अंग गरम झालेलं असताना जवळजवळ सगळ्यांनाच बरं वाटतं.

आठवड्यातून एकदा टाचांवर १० आणि चवड्यांवर १० पावलं चाला, हात भिंतीजवळ ठेवून. टाचांवर चालताना पाऊल खाली पडत असेल तर बहुधा एल५ची नस अजून कमजोर आहे. चवड्यावर उभं राहता येत नसेल तर एस१ची. ताकद आठवड्यागणिक वाढत असेल किंवा आहे तेवढीच असेल तर ठीक. कमी होत असेल तर फोन उचला.

ताबडतोब दवाखाना गाठायची लक्षणं

जांघेत, गुदद्वाराभोवती किंवा जननेंद्रियांपाशी बधिरपणा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं. शौचावरचा ताबा जाणं. दोन्ही पायांतली शक्ती झपाट्याने कमी होणं. यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात आणि तिथे उपचार तासांच्या हिशोबाने ठरतात.

३८ अंश सेल्सिअसवर ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा द्राव, किंवा उभं राहिलं की वाढणारी, आडवं झालं की कमी होणारी डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी सर्जनला कळवा. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखरेपणा म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेही त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखून धाप लागली तर थेट आपत्कालीन विभागात जा.

पहिले दोन आठवडे : उठणं, बसणं, चालणं

या काळात व्यायाम म्हणजे चालणं. बाकीची मेहनत रोजच्या हालचाली नव्याने शिकण्यात जाते.

पलंगावरून उठायची पद्धत पहिल्या दिवशीच पाठ करा:
१. पाठीवर झोपलेले असताना एकेक करून दोन्ही गुडघे दुमडा.
२. पोट हलकेच आवळा आणि खांदे, कंबर, गुडघे एकाच वेळी, ओंडका लोळावा तसे कुशीवर वळवा.
३. पलंगाच्या कडेला या, पाय खाली सोडा. पायांचं वजन खाली जातं तेव्हाच खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर रेटून धड वर आणा.
४. श्वास सोडत उठा. बसल्यावर अर्धा मिनिट थांबा, चक्कर गेली की मगच उभे राहा.

सर्वांत जास्त चुकतं ते दुसऱ्या पायरीत. खांदे वळतात, कंबर मागे राहते आणि धड पिळलं जातं.

खुर्ची अशी हवी की खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित उंच राहतील. मऊ, खोल सोफा पहिले सहा आठवडे नकोच. त्यात बसलं की कंबर गोल होते आणि उठताना झटका बसतो. एका बैठकीला २० ते ३० मिनिटं, मग उठून दोन मिनिटं चालणं. बेसिनपाशी तोंड धुताना एक हात कडेवर टेकवा आणि एक पाऊल खालच्या पाटावर ठेवा, म्हणजे कमरेतून वाकावं लागत नाही. शिंक किंवा खोकला आला की सरळ उभं राहून भिंतीला हात लावा आणि पोट आवळा. वाकलेल्या कंबरेने दिलेली जोरदार शिंक ऑपरेशन झालेल्या चकतीला वजन उचलण्याइतकीच वाईट.

बद्धकोष्ठाचा त्रास होतो हे बऱ्याच जणांना कुणी आधी सांगतच नाही. ऑपरेशननंतरच्या ओपिऑइड वर्गातल्या वेदनाशामकांनी आतडी मंदावतात, कुंथावं लागतं, आणि कुंथण्याचा दाब थेट चकतीवर येतो. पाणी भरपूर प्या आणि शौच सैल करणारं औषध पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून मागून घ्या. तिसऱ्या दिवसाची वाट पाहण्यात हशील नाही.

वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २ ते ४ किलो असते: डिस्केक्टॉमीनंतर साधारण सहा आठवडे, फ्युजननंतर तीन महिने. लहान मूल या मर्यादेच्या बाहेर जातं. स्वतः बसा आणि मुलाला मांडीवर चढू द्या.

चालण्याचं वेळापत्रक

पहिल्या आठवड्यात ५ मिनिटांच्या चार ते सहा फेऱ्या, सपाट जमिनीवर. दुसऱ्यात १० मिनिटांच्या तीन-चार. तिसऱ्यात १५ मिनिटांच्या तीन, चौथ्यात २० मिनिटांच्या दोन. सहाव्या आठवड्याच्या शेवटी एका दमात ३० ते ४० मिनिटं झाली की पाया तयार झाला. वाढवताना सगळ्या फेऱ्या एकदम वाढवू नका: दोन-तीन दिवसांनी एकच फेरी ३ ते ५ मिनिटांनी लांबवा आणि दुसऱ्या सकाळची नोंद पाहा.

वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. ट्रेडमिल चालेल, पण चढ शून्यावर, आणि समोरच्या दांड्यावर रेलून चालायचं नाही. रेललं की पाठ गोल होते आणि पायांवरचा भारही चुकतो. वीस मिनिटांचं ध्येय गाठायला घरापासून दहा मिनिटं लांब जाणं हा शहाणपणा नव्हे. पहिले तीन आठवडे घराभोवतीच घिरट्या घाला, म्हणजे कंबर धरली तर घर दोन मिनिटांवर असेल.

स्नायू जागे करणं : दुसरा ते सहावा आठवडा

मणक्याला चिकटून असलेला मल्टिफिडस हा खोल स्नायू पाठीच्या दुखण्याने आणि ऑपरेशनने बारीक होतो, आणि दुखणं गेलं म्हणून तो आपोआप भरून येत नाही. नुसत्या चालण्यावर समाधान मानणाऱ्यांची गाडी इथे अडते. जखम कोरडी असेल आणि सर्जनची परवानगी असेल तर सुरुवात या तीन व्यायामांनी करा, दिवसातून दोनदा.

पोट आवळणं: पाठीवर, गुडघे दुमडून झोपा. खुब्याच्या पुढच्या हाडांपासून दोन बोटं आत बोटं टेकवा. कुणी पोटावर हलकी चापट मारणार आहे असं समजून पोट घट्ट करा, पण ताकद फक्त पाव ते तिसरा हिस्सा लावा. १० सेकंद धरा, १० वेळा. श्वास चालू राहिला पाहिजे. आकडे मोठ्याने मोजलेत तर तो आपोआप चालतो. पोट आत ओढून घेणं आणि कंबर जमिनीवर दाबून सपाट करणं, दोन्ही चूक.

टाच सरकवणं: त्याच स्थितीत पोट आवळून एक टाच जमिनीवरूनच लांब सरकवा आणि परत आणा. दोन्ही बाजूंनी ८-८ वेळा. कंबरेखालची कमान हलली तर तेवढं लांब जायचं नाही.

ब्रिज: त्याच स्थितीत आधी नितंब घट्ट करा, मग उचला. खांदा, खुबा, गुडघा एका रेषेत आले की थांबा, ५ सेकंद धरा, ८ ते १० वेळा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर पावलं फार लांब आहेत, जवळ घ्या. कंबरेत टोचत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा वर जाताय.

मांडीची मागची बाजू ताठलेली वाटते म्हणून याच काळात अनेक जण ती ताणायला घेतात आणि महिनाभर मागे जातात. बऱ्याचदा तो ताठरपणा स्नायूचा नसतोच. चिडलेली नस ताणली जात असते. ओळखायची खूण सोपी आहे. पाय सरळ करत ओढ जाणवली की तिथेच थांबून पाऊल स्वतःकडे वळवा किंवा हनुवटी छातीकडे न्या. मांडीतली ओढ त्याने बदलली तर ती नस. नस ताणून धरायची नसते, पुढेमागे सरकवायची असते: पाठीवर झोपून मांडी दोन्ही हातांनी उभी धरा, ओढ जेमतेम सुरू होईपर्यंत गुडघा सरळ करा आणि लगेच परत आणा. १० वेळा, दिवसातून दोनदा, कुठेही न थांबता.

खुब्यातून वाकायला शिका

अख्ख्या कार्यक्रमातली एकच गोष्ट जन्मभर लागणार असेल तर ती ही. कमरेतून वाकलं की मणके एकेक करून गोल होतात आणि चकतीची मागची बाजू ताणली जाते. खुब्यातून वाकलं की मणका जसाच्या तसा राहतो, फिरतो तो खुब्याचा सांधा.

एक सरळ काठी पाठीमागे उभी धरा. ती तीन जागी टेकली पाहिजे: डोक्यामागे, पाठीच्या वरच्या भागावर आणि माकडहाडावर. कंबरेच्या खळग्यात तळहात जेमतेम सरकेल एवढी फट असेल. भिंतीकडे पाठ करून साधारण एक वीत पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल सोडा आणि दार नितंबाने लोटल्यासारखे नितंब मागे न्या. भिंतीला टेकले की परत या. काठीचा एकही टेकू सुटता कामा नये. १० वेळा, दोन फेऱ्या. जमायला लागलं की चार बोटं पुढे सरका.

माकडहाडाचा टेकू सुटला तर कंबर गोल झाली, डोक्याचा सुटला तर मान लोंबली. गुडघे खूप वाकून काठी सरळ खाली उतरत असेल तर ते बैठक मारणं झालं, खुब्यातून वाकणं नव्हे. सहा आठवडे होईपर्यंत हे बिनवजनाचं आणि थोडंच. फ्युजन झालेल्यांनी फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली.

वजन अंगाजवळ का धरायचं, याचं आकड्यातलं उत्तर जर्मनीतल्या उल्म इथे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सापडतं. एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत दाब मोजणारं उपकरण बसवलं होतं. २० किलो अंगाजवळ धरले तेव्हा दाब १.१ मेगापास्कल होता, तेच वजन छातीपासून ६० सेंटिमीटर लांब धरल्यावर १.८ झाला. माणूस एकच असल्याने नेमक्या आकड्यांवर फार भर देऊ नये, पण दिशा स्पष्ट आहे.

आणखी एक पथ्य फुकटात मिळतं: रात्री झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण सेंटिमीटरभर उंच असतो. फुगलेली चकती वाकण्याला जास्त विरोध करते. उठल्यावर पहिला तास वाकण्याचा कुठलाही व्यायाम ठेवू नका. मोजे घालायची घाईही नको.

सहावा ते बारावा आठवडा : ताकदीची पायाभरणी

फ्युजनवाल्यांनी इथून पुढचा मजकूर वाचून ठेवावा, पण सुरुवात एक्स-रे पाहून सर्जनने होकार दिल्यावरच करावी, बहुधा तीन महिन्यांनंतर.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी प्रचारात आणलेले तीन व्यायाम इथे उपयोगी पडतात, कारण त्यात मणका न हलवता आजूबाजूचे स्नायू राबतात. पहिला: एक गुडघा दुमडून, एक पाय सरळ, दोन्ही तळवे कंबरेच्या कमानीखाली, आणि डोकं-खांदे जमिनीवरून नावापुरते उचलायचे. दुसरा: कुशीवर कोपर टेकून खुबे उचलणं, आधी भिंतीला रेलून उभ्याने, मग गुडघ्यांवर, सर्वांत शेवटी पावलांवर. तिसरा: हातापायांवर ओणवं होऊन उलट बाजूचा हात आणि पाय लांब करणं. प्रत्येक वेळी धरायचं १० सेकंद, त्याहून जास्त नाही. आधी ६ वेळा, थोडी विश्रांती, मग ४, मग २. थकवा येतो तशी संख्या उतरते आणि शेवटची फेरीही नीट होते. दोन मिनिटं प्लँक धरून थरथरत राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तिसऱ्या व्यायामात पाय नितंबापेक्षा वर नेण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. माकडहाडावर एक पातळ पुस्तक ठेवा; ते पडलं तर पाय फार वर गेला.

पायांसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठबस, ८ ते १० वेळा, तीन फेऱ्या. आणि चवड्यांवर उठणं. व्यायामाची सायकल चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासून चालते, पण सीट उंच आणि हँडल जवळ हवं. शर्यतीच्या सायकलवरची ओणवी बैठक तीन महिने तरी नको. पोहणं जखम पूर्ण बंद झाल्याशिवाय अजिबात नाही. सुरुवात पाण्यात चालून करा, मग पाठीवरचं पोहणं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कंबर मागे वाकते आणि बटरफ्लायमध्ये चाबकासारखी हलते, म्हणून हे दोन प्रकार शेवटी.

योगासनं करणाऱ्यांना वाटतं, आपला प्रकार सौम्य आहे, त्याने काय होणार. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि हलासनात कंबर टोकापर्यंत गोल होते. डिस्केक्टॉमीनंतर ही आसनं जिममधल्या वजनांपेक्षाही उशिरा यावीत. अर्धमत्स्येंद्रासनासारखी पिळाची आसनंही त्याच रांगेत. शवासन आणि श्वासाचे प्रकार मात्र पहिल्या आठवड्यापासून.

तिसऱ्या महिन्यानंतर : वजनं

पहिलं वजन छातीशी धरून खुर्चीवरून उठबस करायची, ४ किलोने. तीन फेऱ्या, ८ ते १० वेळा, आणि प्रत्येक फेरी संपताना आणखी तीन-चार वेळा सहज जमलं असतं असं वाटलं पाहिजे. सकाळच्या नोंदी स्वच्छ असतील तर आठवड्याला १ ते २ किलो वाढवा. वजन आणि वेळा एकाच आठवड्यात वाढवायच्या नाहीत. वजनाला जोर लावताना श्वास सोडायचा.

एका हातात ४-५ किलोचं वजन घेऊन २० मीटर ताठ चालणं हा दिसायला अगदी साधा, पण कंबरेच्या बाजूंसाठी उत्तम व्यायाम. दोन्ही हातांनी आळीपाळीने करा. वजनाच्या किंवा उलट बाजूला झुकलात तर ते जड आहे.

डेडलिफ्ट (खाली ठेवलेलं वजन उचलत ताठ उभं राहणं) जमिनीवरून सुरू करू नका. वजन गुडघ्याच्या उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा आणि दर तीन-चार आठवड्यांनी ठोकळा थोडा कमी करा. जमिनीपर्यंत पोहोचायला सहा महिने लागले तरी उशीर झालेला नाही.

जिममध्ये सर्वांत फसवं यंत्र म्हणजे लेग प्रेस, बसून पायांनी वजन ढकलायचं यंत्र. पाठ टेकलेली असल्याने ते सुरक्षित वाटतं, पण गुडघे छातीजवळ आले की माकडहाड सीटवरून सुटतं आणि भाराखालीच कंबर गोल होते. गुडघे काटकोनापर्यंतच येऊ द्या. सिट-अप, बसून धड पिळण्याचं यंत्र आणि वजन घेऊन केलेले रशियन ट्विस्ट यांना पूर्ण रजा द्या. पोटाच्या स्नायूंसाठी वरचे तीन व्यायाम पुरतात.

धावणं

डिस्केक्टॉमी आणि साध्या डीकम्प्रेशननंतर साधारण तीन महिन्यांनी, फ्युजननंतर लवकरात लवकर सहा महिन्यांनी, आणि तेही हाड जुळल्याचं दिसल्यावर. तारखेपेक्षा ही चाचणी महत्त्वाची: ४५ मिनिटं भरभर चालून दुसऱ्या सकाळी पाय शांत, एका पायावर चवड्याने २० वेळा उठता येतं, दोन्ही बाजूंना सारखं, कुशीवरचा आधार ३० सेकंद टिकतो, एका पायावर खुर्चीवरून ८ वेळा उठता येतं, आणि जागच्या जागी २० हलक्या उड्या बिनत्रासाच्या जातात. एक जरी अडलं तर तेच तीन आठवडे करा आणि पुन्हा तपासा. चवड्याची चाचणी सर्वांत जास्त जणांना अडवते, आणि योग्यच अडवते: पोटरी कमजोर असेल तर प्रत्येक पावलाचा धक्का सरळ कंबरेपर्यंत येतो.

सुरुवात १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, सहा वेळा. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस रिकामा. दोन आठवड्यांनी २ मिनिटं धावणं, २ चालणं. मग ३ आणि १. सहा ते आठ आठवड्यांत सलग २० मिनिटं होतात. उतारावर ब्रेक लावत धावणं टाळा. पावलं आखूड आणि जलद ठेवली की धक्का कमी होतो.

टेनिस, गोल्फ, क्रिकेटची गोलंदाजी हे पिळाचे खेळ सर्वांत शेवटी येतात, धावणं पक्कं झाल्यावर. फ्युजन झालेल्यांच्या बाबतीत जोडलेला भाग वळतच नाही, म्हणून वळण छातीच्या मणक्यातून आणि खुब्यातून काढावं लागतं. तिथे मोकळेपणा नसेल तर शेजारचे मणके जास्तीचं काम करून झिजतात. कुशीवर झोपून, गुडघे दुमडलेले ठेवून वरचा हात उघडत छाती छताकडे वळवणं, ८-८ वेळा, रोज. यात गुडघे एकमेकांवरून सुटू द्यायचे नाहीत.

मध्येच कंबर धरली तर

धरणारच, चौथ्या-पाचव्या महिन्यात एकदा तरी. पायात नवी कळ, नवा बधिरपणा किंवा कमजोरी नसेल तर घाबरू नका. पहिले ४८ तास व्यायाम बंद, चालणं निम्म्यावर, पण बंद नाही. अंथरूण धरलं की आखडलेपणा वाढतो. दिवसातून तीन-चार वेळा जमिनीवर पाठ टेकून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, खुबे आणि गुडघे काटकोनात, १० मिनिटं. जखम पूर्ण भरलेली असल्यास शेक चालेल; बधिर त्वचेवर मात्र नको, भाजलेलं कळत नाही.

तिसऱ्या दिवशी वही उघडा. बहुतेक वेळा आधीच्या दोन-तीन दिवसांत कारण सापडतं: एकाच आठवड्यात वाढवलेलं अंतर आणि वजन, लांबचा प्रवास, किंवा सकाळी उठल्या उठल्या केलेला व्यायाम. परत सुरू करताना त्रास व्हायच्या आधीच्या पातळीवरून नाही, त्याच्या दोन पायऱ्या खालून करा आणि रोज एक पायरी चढा. दोन आठवड्यांत मूळ जागी आला नाहीत, किंवा दुखणं गुडघ्याखाली उतरायला लागलं, तर सर्जनची वेळ घ्या आणि ती वही सोबत न्या.